टेबलाची सुरी: प्रकार, उपयोग आणि मसुरे

टेबलाची सुरी म्हणजे स्वयंपाकघरात कापायचे राहून गेलेले काम जेवणाऱ्याकडून पुरे करून घेण्याचे साधन. तिला तीन गोष्टी लागतात: खुर्ची-टेबल, सपाट बशी आणि त्या बशीत काहीतरी न कापलेले. पैकी पहिल्या दोन गोष्टी मालवण तालुक्यातल्या मसुरे गावी आता सहज सापडतात. तिसरी सापडत नाही. गड नदीकाठच्या या गावात ताटात जे येते ते चिरून, फोडून, किसून नाहीतर वाटूनच येते, आणि यातले काहीच न होता जे येते ते हाताने मोडते. त्यामुळे युरोपात जिच्यावाचून जेवण अडते ती सुरी इथे बेकार आहे, आणि बेकाराने मिळेल ते काम धरावे तसे तिने धरले आहे. तिच्या प्रत्येक प्रकाराची नेमणूक एका कामावर आणि प्रत्यक्ष नोकरी दुसरीकडे, हे लक्षात ठेवूनच तिचा अभ्यास करावा लागतो.

टेबलाबद्दल एक खुलासा आधीच केलेला बरा. मसुऱ्यात जेवणाचे टेबल असते म्हणजे त्यावर रोज जेवण होते असे नाही. त्याच्यावर विजेचे बिल, रेशनकार्ड, रक्तदाबाच्या गोळ्या, मुंबईहून आलेल्या लग्नपत्रिका आणि कोणाचे तरी हेल्मेट असते. मे महिन्यात टेबलाखाली पेंढ्यात आंबे पिकत घातलेले असतात, म्हणजे पाय ठेवायलाही जागा नसते. घरची माणसे ताट घेऊन जिथे वारा लागतो तिथे बसतात. टेबल मोकळे होते ते पाहुणा आला की, आणि तेही अर्धेच.

सुरी समजून घ्यायची तर तिची जागा अडवून बसलेला आडाळो आधी पाहिला पाहिजे. आडाळो म्हणजे घाटावरची विळी. जाड लाकडी पाट, त्यात ठोकून बसवलेले वाकडे लोखंडी पाते आणि पात्याच्या टोकाला नारळ खवण्याचे दाते. कापणारी बाई पाटावर पाय दाबून बसते. सुरीच्या कामात वस्तू गप्प पडून असते आणि पाते हलते. इथे पाते जागचे हलत नाही, वस्तू त्याच्यापर्यंत जाते. कापणारीचे दोन्ही हात मोकळे राहतात, धार तिच्याच तोंडाकडे असते, आणि म्हणून लक्षही तिथेच असते. बोलणे मात्र चालू राहते. शेजारणीच्या सुनेपासून ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपर्यंतचे सगळे विषय आडाळ्यावर कापले जातात आणि बोट कापले जात नाही, यावरून हे अवजार किती पक्के आहे ते कळते.

त्याची खरी कसोटी मासे. ताजा मासा हातातून निसटतो, म्हणून बोटांना चुलीतली राख लावायची. मग खवले, पर, कल्ले काढायचे, पोट साफ करायचे आणि मासा पात्यावर दोन्ही हातांनी पुढे रेटायचा. बांगड्याला मसाला मुरायला अंगावर चिरा द्यायच्या. इसवण, म्हणजे बाजारातली सुरमई, असेल तर एकसारख्या जाडीच्या तुकड्या पाडायच्या आणि डोके आमटीसाठी वेगळे ठेवायचे. डोके कोणाच्या ताटात जाणार हे त्याच वेळी ठरते आणि त्यावर अपील नसते. करली काट्यांच्या कलाने तिरकी कापावी लागते. ती ज्या बाईला साधते तिला वाडीत मान असतो, आणि जिला साधत नाही तिच्या घरी जेवताना कोणी बोलत नाही, कारण सगळे काटे शोधत असतात. माशांचा आडाळो वेगळा आणि भाजीचा वेगळा ठेवण्याची रीत बऱ्याच घरांत आहे. दोन्हींतला फरक माणसांना रंगावरून कळतो आणि मांजराला दुरून.

आडाळ्याच्या वापराला एक कायदेशीर मर्यादाही आहे. अख्खा कोहळा किंवा लाल भोपळा बाईने फोडू नये, पहिला घाव पुरुषाने घालावा, अशी जुनी चाल. ती पाळायची म्हणून पडवीत पेपर वाचत बसलेल्या गृहस्थाला आत बोलावले जाते. तो येतो, एक घाव घालतो, दोन फाका झालेल्या पाहतो आणि सगळा स्वयंपाक आपणच केल्यासारखा परत पडवीत जातो. उरलेला भोपळा, त्याच्या बिया, साल आणि दुपारचे जेवण हे किरकोळ काम बायका उरकतात.

घराबाहेरचे कापणे कोयतीकडे. माडावर चढणारा कमरेला आकडी बांधतो, आकडीत कोयती अडकवतो आणि दोन्ही हात खोडाला मोकळे ठेवतो. शहाळे तासणे, फणस फोडणे, झावळी तोडणे, कोयतीच्या पाठीने नारळावर ठोका देऊन त्याचे दोन सारखे भाग करणे, ही तिची कामे. ओल्या काजूगरांची कोयही पात्यावरच उघडते; तिच्या सालीतल्या तेलाने कातडी सोलून निघते, म्हणून हाताला राख नाहीतर खोबरेल लागते. फणसाच्या चिकासाठीही तेल. एवढा बंदोबस्त अंगणातच झाल्यावर न कापलेले काही ताटापर्यंत पोचणार कसे?

युरोपातल्या स्वयंपाकघराने ही जबाबदारी अशी पूर्णपणे कधी अंगावर घेतली नाही. तिकडे मांसाचे मोठे तुकडे टेबलावर येत आणि पाहुणे आपापली सुरी बरोबर घेऊन येत. तिने कापायचे, तिच्या टोकाने उचलून तोंडात घालायचे आणि जेवण झाले की त्याच टोकाने दात कोरायचे. हे दात कोरणे फ्रान्सच्या कार्डिनल रिशल्यूला बघवेना, म्हणून त्याने आपल्या टेबलावरच्या सुऱ्यांची टोके घासून गोल करून घेतली, असे सांगतात. दंतकथा असेलही. पण 1669 साली चौदाव्या लुईने टोकदार सुऱ्यांवर बंदी घातली आणि टेबलावरच्या सुऱ्या बोथट करायला लावल्या. जेवता जेवता भांडण झाले तर हाताशी हत्यार नको, हा हिशेब. मालवणच्या बेटावर सिंधुदुर्ग उभा राहून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. मसुऱ्याला तसल्या फर्मानाची गरज ना तेव्हा पडली, ना पुढे. इथली भावकीतली भांडणे पाते न उचलता सातबाऱ्याच्या उताऱ्यावर लढली जातात आणि तीन पिढ्या टिकतात. सुरीचे भांडण एका जेवणात संपते.

सुरीचे पोलाद हे दुसरे दुखणे होते. जुन्या पोलादाच्या सुऱ्या गंजत, आंबट लागले की काळ्या पडत, आणि मोठ्या घरांत त्या विटकरीच्या भुकटीने रोज घासायला पोऱ्ये ठेवावे लागत. 1913 साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने क्रोमियम घातलेले पोलाद केले आणि ते गंजत नाही असे दिसल्यावर शेफील्डच्या सुरीवाल्यांनी ते उचलले. त्यातून आजचे स्टेनलेस स्टील आले. आडाळ्याचे पाते मात्र अजूनही साधे लोखंडाचे असते. केळफूल चिरले की काळे होते, गंजते, राखेने आणि नारळाच्या सोडणाने घासले की परत उजळते, आणि आपण मागे पडलो असे त्याला एकदाही वाटलेले नाही.

टेबलाची सुरी मसुऱ्यात आली ती मात्र किल्ल्याच्या वाटेने आली नाही. गावातला भरतगड आणि कालावल खाडीच्या पलीकडला भगवंतगड 1818 साली इंग्रजांच्या ताब्यात गेले, पण गावाची जेवणाची पद्धत त्यांना सर करता आली नाही. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज 1510 पासून ठाण मांडून होते. तिथून इकडे पाव आला, काजू आला, मिरची आली. सुरीकाटा सरहद्दीवरच राहिला. तो आला मुंबईहून, चाकरमान्याच्या बॅगेतून. मसुऱ्याची माणसे मुंबईत गिरण्यांत होती तशी हॉटेलांत आणि बोटींवरही होती. 1903 साली सुरू झालेल्या ताजपासून कोपऱ्यावरच्या इराण्यापर्यंत कुठल्याही मुदपाकखान्यात हाक मारली तर मालवणी ओ मिळण्याची शक्यता चांगली होती. पुढे 1954 साली मुंबईत केटरिंगचे कॉलेज निघाले आणि कोणती सुरी बशीपासून किती अंतरावर ठेवायची हे परीक्षेत विचारले जाऊ लागले. ज्याच्या घरी सणालाही केळीचे पान, त्याने पंधरा जणांचे टेबल डोळे मिटून मांडावे आणि पैकीच्या पैकी गुण घ्यावेत, अशी त्या शिक्षणाची गंमत.

चाकरमान्याने गणपतीला येताना आणलेला काटे-चमच्यांचा संच चोवीस नगांचा असतो: सहा सुऱ्या, सहा काटे, सहा मोठे चमचे, सहा लहान. आत लाल मखमलीसारखे अस्तर, वर पारदर्शक झाकण. तो शोकेसमध्ये शाळेच्या ढालीशेजारी उभा राहतो. काही वर्षांनी हा डबा उघडून मोजदाद केली तर गावाच्या आहाराचा इतिहास त्यात दिसतो. लहान चमच्यांतला एक उरलेला असतो. बाकीचे मिठाच्या बरणीत, खोकल्याच्या औषधाबरोबर आणि अंगणातल्या मातीत गेलेले असतात. मोठे चमचे तीन. काटे चार, कारण दोन नातवंडांनी मॅगीसाठी काढून घेतले. सुऱ्या मात्र सहाच्या सहा. कधी कधी पाच, आणि सहावीची हकीकत ओघाने येईलच.

1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. मग निवास-न्याहारीची घरे निघाली, तारकर्लीची गर्दी आतल्या गावांत झिरपली, आणि 2021 पासून चिपीला विमानही उतरू लागले. पाहुणा घरात आला की सुरी मागतो. ती मिळतेही, पण मागणे आणि मिळणे यांच्यामध्ये जो वेळ जातो त्यात घरातला प्रत्येक खण उघडला जातो आणि आतून विचारणा होते, "ह्यां कित्याक व्हयां?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर प्रकारवार द्यावे लागते.

पहिला प्रकार जेवणाची सुरी. लांबी साधारण वीतभर, टोक गोल, धार असून नसल्यासारखी. ती उजव्या हातात धरायची, काट्याने घास दाबायचा आणि कापायचा. मसुऱ्यातले नेहमीचे पदार्थ तिच्यापुढे ठेवून पाहिले तर निकाल असा लागतो: भाताला ती लागत नाही. भाकरीला लावली तर भाकरी घसरते आणि शेजारच्याच्या आमटीत जाते. घावणा इतका जाळीदार आणि मऊ की सुरीचा भार पडताच फाटतो, पण कापला जात नाही. कोंबडी-वड्यांतला टम्म फुगलेला वडा हा एकच पदार्थ तिला थोडा दाद देतो. सुरी टोचली की वाफ निघून वडा खाली बसतो, आणि पाहुण्याला काहीतरी साधल्याचे समाधान मिळते. यजमानीणबाईंचा चेहरा पडतो, कारण वडा फुगवायला त्यांनी कष्ट घेतलेले असतात. सोलकढीशी सुरीचा संबंधच येत नाही. तरी ती शेजारी मांडलेली असली की जेवणारा दोन वेळा तिच्याकडे पाहतो.

या सुरीची खरी नोकरी वेगळी आहे. तिचे गोल, चपटे टोक स्क्रूच्या खाचेत बसते. पंख्याचा रेग्युलेटर, गॅसचे बटण, मुलांच्या खेळण्यातले सेल, शिलाई मशीन, सगळ्यांना ती चालते. संचातली सहावी सुरी पान्या-पक्कडीच्या डब्यात राहते ती यामुळे. तिचे टोक किंचित पिळलेले असते आणि परत शोकेसमध्ये जाण्याच्या लायकीची ती उरलेली नसते. उपयोगाच्या दृष्टीने बाकीच्या पाच तिच्या पासंगालाही पुरत नाहीत.

दुसरा प्रकार दातेरी सुरी, टोकदार आणि करवतीसारखी. तिची योजना जाड, भाजलेल्या मांसाच्या तुकड्यासाठी. मालवणी मटणात हा तुकडा येत नाही. खाटकाच्या सत्तूरने ठोकळ्यावर तो आधीच घासाएवढा केलेला असतो आणि नंतर भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात इतका शिजतो की हाडाचा आणि त्याचा संबंध नावापुरता उरतो. प्रश्न असतो नळीचा. नळी सुरीने उघडत नाही. ती ताटावर आपटून आणि ओठांनी ओढून घ्यायची, जमलेल्या मंडळींचा आवाज थांबेपर्यंत. दातेरी सुरीचा पुनर्वसनाचा मार्ग मात्र सरळ आहे. नायलॉनची दोरी, सिमेंटची रिकामी पोती आणि ठिबकची नळी ती झकास कापते. आंब्याच्या पेट्या बांधायच्या दिवसांत तिला उसंत नसते.

तिसरा प्रकार माशांची सुरी. याच्याकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण माशांच्या गावी माशांची सुरी निरुपयोगी का, हा प्रश्न कोणालाही पडेल. या सुरीचे पाते रुंद असते, एका बाजूला वळलेले, टोकाशी बारीक खाच, आणि धार अजिबात नाही. तिने मासा कापायचाच नसतो. शिजलेल्या माशाच्या पाठकण्यावरून ती आडवी सरकवायची, वरचे मांस अलगद उचलायचे, काटा सुटा करायचा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये तिचा प्रसार झाला. माशावर लिंबू पिळलेले, पोलादाला आंबट लागले की माशाला लोखंडाची चव येते, म्हणून हिचे पाते चांदीचे किंवा चांदीच्या मुलाम्याचे करीत. स्टेनलेस स्टील आल्यावर ते कारण संपले, सुरी राहिली. इंग्लंडातल्या जुन्या खानदानी घरांना ती नवश्रीमंतांची खूण वाटे. ज्यांची चांदी वाडवडिलांकडून आलेली त्यांच्या संचात ही सुरीच नव्हती, कारण वाडवडील दोन काट्यांनी मासे खात. मसुऱ्यातल्या घरांना हा मुद्दा पटकन पटेल. त्यांच्याही वारशात ती नाही, आणि तरी घराणे जुने आहे.

पण तिची अडचण प्रतिष्ठेची नसून कामाची आहे. पोलादाला काटा दिसत नाही आणि लागतही नाही. बोटाला लागतो. तळलेला बांगडा हाती घेतला की अंगठा मधल्या रेषेवरून फिरतो, वरची बाजू सुटते, शेपटी धरून पाठकणा उचलला की तो डोक्यासकट निघतो, आणि खालची बाजू न मोडता उरते. सुरी जे काम दोन हत्यारे आणि एक प्रशिक्षण घेऊन करते ते अंगठा न बघता करतो, बघणारे डोळे तोवर दुसऱ्याच्या ताटातल्या तुकडीवर असतात. पेडवे आणि तारले यांच्यापुढे तर सुरी हास्यास्पद होते. एवढ्याशा माशाला टेबलावर उघडायला घेतले तर पहिला मासा संपेपर्यंत बाकीची मंडळी हात धुऊन आलेली असतात. सार म्हणून माशाची कढी भातावर वाढली की सुरी कुठे घालायची हाच प्रश्न. मासा भातात बुडालेला, भात सारात बुडालेला, त्यात तिरफळ दडलेले. तिथे बोटांची चाळण लागते.

कुर्ल्यांची गोष्ट निराळी. त्यांना फोडण्यासाठी युरोपातही सुरी पुरत नाही, सुपारीच्या अडकित्त्यासारखा चिमटा देतात. खाडीच्या कुर्लीचे डेंगे मसुऱ्यात वरवंट्याने आधीच ठेचून कालवणात टाकतात. जे ठेचायचे राहते त्यासाठी दाढा असतात. ज्यांच्या दाढा गेल्या त्यांच्यासाठी नातू असतो.

माशांची सुरी या भागात क्वचितच दिसते, आणि दिसलीच तर आंबोळी उलथायला. रुंद, चपटी, बिनधारेची असल्याने तव्यावर ती उत्तम सरकते. तिला घडवणाऱ्याने याचसाठी ती घडवली असती तर तो मोठा कारागीर ठरला असता.

चौथी लोण्याची सुरी. हिचे दोन पोटप्रकार: मोठी, जी लोण्याच्या बशीत राहते आणि फक्त लोणी उचलते, आणि लहान, जी प्रत्येकाच्या पावाच्या बशीवर असते आणि फक्त लावते. एकाच लोण्याला दोन सुऱ्या, कारण पावाचा चुरा बशीत जाऊ नये. मुंबईच्या इराण्याकडे ही सगळी भानगड एका सुरीत आटोपे. ब्रुन कापणारी, मस्का लावणारी आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी फडक्याला पुसली जाणारी सुरी एकच. मसुऱ्यात पाववाला सकाळी भोंगा वाजवत येतो, पाव चहात बुडतो, आणि लोणी लावायचे तर भाकरीला, बोटाने. लोण्याची सुरी म्हणून मोकळी राहते ती पत्र्याच्या डब्यांची झाकणे उचकटायला. दमट हवेत पोह्यांच्या, चकल्यांच्या, पिठाच्या डब्यांची झाकणे घट्ट बसतात. जून ते सप्टेंबर तिच्यावाचून पान हलत नाही.

फळाची सुरी पाचवी. लहान, पातळ, टोकदार. फळांच्या आंबटपणामुळे हिचेही पाते पूर्वी चांदीचे असे. टेबलाच्या सगळ्या सुऱ्यांत मसुऱ्याने मनापासून स्वीकारली ती एवढीच, आणि तेही वर्षातून दोन महिने. हापूस कापायला सुरीच लागते. बाठ्याच्या दोन्ही अंगांनी दोन फोडी उतरवायच्या, फोडींना आतून उभ्या-आडव्या रेषा द्यायच्या, मग बाठ्याभोवतीची कड सोलायची. फोडी पाहुण्याला, कड घरच्यांना, बाठा ज्याने आधी हात पुढे केला त्याला. बाठ्यावर किती गर ठेवायचा हे कापणाऱ्याच्या मनावर असते आणि तो कोणाला मिळणार हे माहीत असेल तर हात त्याप्रमाणे वळतो. रायवळाला सुरी लावत नाहीत. तो पिळून, देठाकडून चोखायचा, आणि कोपरापर्यंत रस ओघळला तरच खाल्ल्यासारखा.

चीजच्या सुरीला वर वळलेले दोन दात असतात, कापलेला तुकडा टोचून उचलायला. मसुऱ्यात चीजचा प्रश्न नाही. खरवसाला ही सुरी चालावी, पण वड्या पाडून होईपर्यंत खरवस उरला पाहिजे.

सातवी आणि आज संख्येने सर्वांत मोठी: केकच्या खोक्यातून फुकट येणारी पांढरी प्लास्टिकची सुरी. टेबलाच्या सुरीच्या सर्व अटी पाळणारा मसुऱ्यातला एकमेव प्रसंग म्हणजे वाढदिवस. टेबल मोकळे केलेले असते, बश्या असतात, आणि मधोमध एक न कापलेली वस्तू असते. ज्याचा वाढदिवस तो मुलगा सुरी धरतो, त्याचा हात आई धरते, आईचा हात आजी धरते, फोटोसाठी काकी मागून आपला घालते, आणि चार हातांच्या वजनाने केक कापला जाण्याऐवजी बसतो. मग कोणीतरी आतून घरातली खरी सुरी आणते. प्लास्टिकची सुरी धुऊन ठेवली जाते. टाकवत नाही आणि कापत नाही, अशा स्थितीत ती पुढे लोणच्याच्या बरणीत शिरते, कारण तिला गंज चढत नाही.

मांडणीचे नियम थोडक्यात असे. सुरी बशीच्या उजवीला, धार बशीकडे, काटा डावीला. अनेक सुऱ्या असतील तर बाहेरची आधी. जेवण चालू असेल तर सुरी आणि काटा एकमेकांना तिरके, संपले असेल तर शेजारी शेजारी समांतर. मग वाढपी येऊन बशी उचलतो. ही शेवटची खूण मसुऱ्यात वाचली जात नाही. इथे पुरे म्हणायचे तर ताटावर दोन्ही हात आडवे धरून किंचित पुढे वाकावे लागते, आणि तरीही बोटांच्या फटीतून भात पडतो. पाहुण्याने सुरीकाटा समांतर ठेवला की काकी तो उचलून बाजूला ठेवते आणि मोकळ्या झालेल्या जागेत आणखी एक वडा वाढते. "एक वड्यान काय होतां?" यावर कोणत्याही कॉलेजात उत्तर शिकवत नाहीत.

जेवणाऱ्यापुढे मानाने ठेवले जाणारे पाते या मुलखात एकच: अडकित्ता. जेवणे झाली, मंडळी पडवीत आली, की पानाच्या तबकाबरोबर तो येतो. दोन पाय, मधे खिळा, वरच्या पायाला धार. सुपारी मधे धरून मूठ आवळायची. कोणाला खांड, कोणाला बारीक कातरलेली, कोणाला दातांमुळे जवळजवळ पीठ, हे न विचारता ज्याला ठाऊक असते तो खरा यजमान. पाहुणा हे पाते स्वतः हातात घेऊ शकतो, दुसऱ्यासाठी कातरू शकतो, कातरताना जमिनीच्या हद्दीचा विषयही काढू शकतो. चौदाव्या लुईने मसुऱ्यात एक दुपार काढली असती तर अडकित्त्यावर बंदी घालण्याची त्याची हिंमत झाली नसती. सुपारी कातरून होईपर्यंत कोणी उठत नाही आणि भांडण पान खाऊन झाल्यावरच पुढे सुरू होते.

शेवटी निगा. आडाळ्याला आणि कोयतीला घरी दगडावर धार लावतात. फारच बोथटली की लोहाराकडून शेवटून आणतात, म्हणजे भट्टीत तापवून, ठोकून, पाणी देऊन. टेबलाच्या सुरीला ही वाट बंद आहे. लोहाराकडे ती नेली तर तो ती उलटसुलट करून पाहतो, अंगठा फिरवतो आणि कुठल्या बाजूला धार लावायची ते विचारतो. तिला पुसून परत मखमलीत ठेवणे एवढीच तिची निगा. दसऱ्याला हत्यारांची पूजा होते तेव्हा आडाळो, कोयती, कुदळ, फावडे, अडकित्ता धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचे फूल आणि आपट्याचे पान ठेवतात. शोकेसमधल्या पाच सुऱ्या त्या दिवशी बाहेर काढाव्यात असे कोणाच्या मनातही येत नाही. सहावी मात्र पाटावर असते, पान्याच्या आणि पक्कडीच्या मधे, पिळलेले टोक पुढे करून, आणि तिला कुंकू लागते.